बाबुसो माल

ही गोष्ट मी कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, कोरगावच्या सख्ख्या भावापाशी नाही. देवळात उभी राहते तेव्हा देवापाशीही नाही – त्याला माहीत असेल असं धरून चालले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला मध्येच अडवणार नाही. कुणी अडवलं की मी हळूच दुसऱ्या विषयावर सरकते. मला ती सवय आहे.

आता हेच बघा. सांगायचं आहे एका माणसाबद्दल, आणि मी सुरुवात करणार आहे किमतींपासून.

साखळीच्या बाजारात माझं दुकान आहे. झेरॉक्स, मोबाईलची कव्हरं, चार्जर, आणि आतल्या बाजूला काचेच्या कपाटात व्हिडिओ गेम. हा गेमचा धंदा मी ठरवून सुरू केला नव्हता. मुलगा पुण्याला शिकायला गेला, त्याच्या डिस्कचा ढीग घरात नुसता पडून होता. तो उचलून दुकानात मांडला. बघता बघता संपला. मग लोक आपापल्या डिस्क आणू लागले. खेळून झालेली द्यायची, दुसरी न्यायची, वर थोडे पैसे. माझंही काही सुटतं. माल फिरत राहतो, कुणाचं अडत नाही.

कंपन्यांना हे खपत नाही. कसं खपेल? नवा गेम पाच हजारांच्या घरात गेला आहे. एवढे मोजून घरी न्यावा, तर अर्धाच खेळ डब्यात – उरलेल्या गाड्या, उरलेले रस्ते वेगळे विकत घ्या. थोड्या महिन्यांनी तोच गेम ऑनलाइन निम्म्या किमतीत. ज्याने पहिल्या दिवशी घेतला तो वेडा. डब्यात एक चिठ्ठी असते, तिच्यावर कोड. तो टाकला की जास्तीच्या गाड्या मिळतात, पण कोड चालतो एकदाच. पहिल्याने वापरला की दुसऱ्याच्या हाती फक्त डिस्क. आणि आता तर काही डब्यांत डिस्कसुद्धा नसते, नुसती चिठ्ठी. ती कोण परत घेणार?

हे सगळं मी काउंटरवर तावातावाने बोलायची. लोकांना आवडायचं. गॅरेजवाला उल्हास मला आणखी चढवायचा – "वयनी, एका गेमाक इतले पयशे? तितल्यांत चवथीची अख्खी माटोळी भरता!" माटोळी म्हणजे चवथीला गणपतीवर फळंफुलं टांगतात ती चौकट. सगळे हसायचे. मीही.

राग खरा होता. आजही खरा आहे. पण त्या रागाचा मी आडोसा केला. कशासाठी, तेच तर सांगायचं आहे ना?

रविवारी संध्याकाळी माझ्या दुकानात अदलाबदल भरते. बाजार थंड असतो, पाच-सात माणसं जमतात, काउंटरवर डिस्क मांडतात. त्यासाठी मी एक नियम घालून दिला होता – दोष आधी, दर मागून. डिस्क ठेवण्यापूर्वी तिच्यातलं वैगुण्य मोठ्याने सांगायचं. चरा आहे, डबा फुटला आहे, कोड वापरला आहे – काय असेल ते. नंतर तक्रार नको. या नियमामुळे माझं नाव झालं. डिचोलीहून, अगदी फोंड्याहूनही लोक येऊ लागले. वहिनीच्या दुकानात फसवणूक नाही, असं म्हणायचे.

बाबुसो या रविवारच्या मंडळींतला. पूर्वी तो खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, त्यात पायाला अपघात झाला, मग क्लच दाबणंही जमेना. पन्नाशीचा माणूस, गाड्यांचे गेम खेळायचा. कुणी चिडवलं की म्हणायचा, इथे डिझेल लागत नाही. येताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे आणायचा, सगळ्यांसाठी. डिस्क धरायची ती कडेने, बोटांच्या टोकांनी. त्याच्याकडून आलेली डिस्क पुसावी लागत नसे.

एकदा त्याने गाड्यांचा एक नवाकोरा गेम माझ्याकडूनच घेतला आणि पंधरवड्यात खेळून परत विकायला आणला. त्या दिवशी रविवार नव्हता. दुकानात आम्ही दोघंच. डबा काउंटरवर ठेवण्याआधी तो म्हणाला, "वयनी, सीडी बरी आसा. पूण भितरलो कोड हांवें वापरला. गिरायकाक पयलीं सांग हां."

बरं, म्हटलं. सांगेन.

आता पाटील. हे गडहिंग्लजकडचे, इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी मुलीच्या वाढदिवसासाठी तोच गेम सांगून ठेवला होता – नवा, सीलबंद, आणि डिस्कवाला. गावच्या घरी नेट नीट चालत नाही, त्यामुळे चिठ्ठीचा डबा नको. पैसे आधीच देऊन गेले होते. मी म्हापशाच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, डिस्क संपल्या, आता चिठ्ठ्याच येतील.

पाटलांना पैसे परत द्यायचे. एवढंच करायचं होतं. एका गिऱ्हाइकाला नाही म्हणणं – त्यात काय अवघड होतं?

भाऊ कोरगावला काजूचे डबे भरतो. त्याच्याकडचं जुनं हॉट एअर गन आणि पातळ प्लॅस्टिकचा रोल माझ्या दुकानात होता, भेटवस्तू बांधायला. दुपारी बाजार झोपलेला असतो. मी शटर अर्धं ओढलं. बाबुसोच्या डब्यातली चिठ्ठी काढली, तिची घडी पट्टीने दाबून सपाट केली, होती तशी परत ठेवली. डब्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं, गरम हवा मारली. ते आक्रसून असं चापून बसलं की मीच खूश झाले. काजूच्या डब्याला बसतं ना, अगदी तसं.

मनाला काय सांगितलं, तेही ऐका. डिस्क स्वच्छ आहे. कंपनी डोळ्यांदेखत लुटते, मग मी एक कोड बुडवला तर काय बिघडलं? हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हटलं आणि बाबुसोला दिले होते त्याच्या दुपटीला तो डबा पाटलांच्या हातात ठेवला.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. नाही. हे झालं दुकानदाराचं पाप. त्याची भरपाई करता येते. पुढचं ऐका.

पुढच्या रविवारी अदलाबदल रंगात आली होती. पाटील डबा घेऊन आले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट वाटलं. "वहिनी, हे काय हो? नवं म्हणून पैसं घेतलासा, आणि कोड टाकला तर आधीच वापरलाय म्हणतंय. पोरगी वाढदिवसादिवशी रडत बसली की."

मी नेहमीप्रमाणे कंपनीवर घसरले. यांचे कोडच असे, यांची लबाडी अशी. एरवी सगळ्यांनी मान डोलावली असती. पण पाटलांनी कंपनीला विचारलं होतं. कोड खराब नव्हता. महिन्याभरापूर्वी कुणीतरी तो वापरला होता. म्हणजे डबा उघडलेला होता आणि कुणीतरी तो पुन्हा सील केला होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं नाव, माझा नियम, फोंड्याहून येणारी माणसं – सगळं त्या काउंटरवर मांडलेलं. आणि मी म्हणाले, तो डबा बाबुसोकडून आला. म्हणाला, चुकून दोन घेतल्या, एक फोडलीच नाही. सीलबंद दिली म्हणून मी विश्वासाने घेतली.

किती सहज आलं ते! दोन घेतल्याचा तपशील कुठून सुचला, मला आजही ठाऊक नाही.

आणि नेमका तेव्हा बाबुसो आत आला. लंगडत, हातात उंड्यांची पिशवी. उल्हास ओरडला, "आयलो पळय, सील मारपी!" कुणीतरी हसलं. पाटलांनी त्याला डबा दाखवला आणि वहिनी काय म्हणतात ते सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फडकं घेऊन काच पुसत होते. काच स्वच्छ होती.

त्याला एक वाक्य पुरलं असतं – मी वहिनीला कोडाचं सांगितलं होतं. तो बोलला नाही. का? मला वाचवलं? की एवढ्या माणसांपुढे आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला समजलं? मी खूप वेळा विचार केला आणि आता सोडून दिला. उत्तर काहीही असलं तरी माझी बाजू सुधारत नाही. तो एवढंच म्हणाला, "वयनी सांगता तशें आसतलें." पिशवी काउंटरवर ठेवली आणि गेला.

पाटलांना मी पैसे परत केले. दुसऱ्याच्या चुकीचे पैसे स्वतःच्या गल्ल्यातून देते म्हणून माझं कौतुक झालं. ते मी ऐकून घेतलं. उंडे आम्ही खाल्ले. गरम होते.

आता बाबुसोचं काय गेलं ते. पाटलांच्या कारखान्यात गोदामावर माणूस हवा होता. बसून करायचं काम – मालाची आवक-जावक बघायची, कुलूप सांभाळायचं. पायाने अधू माणसाला असं काम शोधून मिळत नाही. पाटलांनी बाबुसोचं नाव जवळजवळ नक्की केलं होतं. माझ्यासमोरच बोलणं झालं होतं. त्या रविवारनंतर ते काम दुसऱ्याला गेलं. पाटलांना मी दोष देत नाही. गोदामाची किल्ली आहे ती. ज्याच्यावर असा शिक्का बसला त्याच्या हाती कोण देईल?

रविवारी तो पुन्हा आला नाही. एकदाच आला, मधल्या वारी, गेमचं मशीन विकायला. काउंटरवर ठेवण्याआधी त्याने दोष सांगितला – रिमोटची डावी कांडी ढिली आहे. मी हलवून पाहिली, ढिली होती. आणि मी त्याचे पैसे कापले. हो, कापले. दोष असला की दर उतरतो ना! दुकान रिकामं होतं, तो समोर उभा होता, मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी नोटा मोजल्या.

आज तो मेव्हण्याबरोबर जत्रांतून खाजं विकतो. तासन्‌तास उभं राहून. एका जत्रेत मी त्याला लांबून पाहिलं आणि दुसऱ्या रांगेत वळले.

इतकी वर्षं गेली, मग आताच कशाला? परवा डिचोलीची एक कॉलेजातली मुलगी आली. वापरलेला गेम हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "वयनी, हें बाबुसो न्हय मूं?"

बाबुसो नाही ना. म्हणजे – यात फसवणूक नाही ना. माझ्या दुकानात कोड वापरलेल्या, चोरून सील केलेल्या मालाला बाबुसो माल म्हणतात. हे मी पूर्वीही ऐकलं होतं; उल्हासने सुरू केलं, मी हसले होते. पण या मुलीने बाबुसोला कधी पाहिलेलं नाही. बाबुसो हे माणसाचं नाव आहे, हेही तिला माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तसं म्हणतात, नाही का?

तिला मी काय उत्तर दिलं? "नाही, चांगला माल आहे." आणि पिशवीत घालून दिला.

तो गेम घेऊन ती गेली आणि मी ठरवलं. रडले वगैरे नाही. रडून कुणाला काय मिळणार? उद्या कारखान्याची सकाळची पाळी सुटते त्या वेळी मी गेटवर उभी असेन. पाटलांना सांगेन – डबा मी सील केला, नाव बाबुसोचं घेतलं. रविवारी अदलाबदलीला हेच सांगेन, उल्हास असेल, फोंड्याची माणसं असतील. किमतींबद्दल त्या दिवशी अवाक्षर काढणार नाही. गिऱ्हाइकं तुटतील. तुटू देत. तो शब्द जितक्या तोंडांत गेला आहे तितक्या तोंडांतून मला काढता येणार नाही, हेही मला कळतं.

तुम्ही हे वाचून मला काही म्हणावं, अशी अपेक्षा नाही.

पाटलांना सांगायचं आहे, उल्हासला सांगायचं आहे, नवऱ्याला तर आज जेवतानाच. बाबुसोच्या घरी मात्र काय सांगायला जाऊ? त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.