जिथे गुळगुळीत, तिथे खोट

स्पीकरच्या आवाजाचं मावशींना काडीचंही कौतुक नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी स्पीकरची कोरी लाकडी खोकी घासण्यात घालवली होती, आणि त्यातलं एकही वाजताना ऐकलं नव्हतं. "वाजलं म्हणून माझं काम बिघडत नाही," त्या म्हणत, "पण सुधारतही नाही."

कारखाना त्यांच्या सख्ख्या भाच्याचा. तो मावशी म्हणतो म्हणून सुतार म्हणू लागला, मग रंगारी, मग चहावाला. शेवटी भाच्याचे सासरेही म्हणू लागले, जे मावशींपेक्षा सात वर्षांनी मोठे होते.

स्क्रूच्या भोकांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरायची, ती वाळली की एकशेवीस नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेऐंशी, मग दोनशेवीस, आणि नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर. आडवा हात मारणाऱ्याला मावशी माणसांत धरत नसत. मग खोकं रंगाऱ्याकडे स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, लावायला जाई. स्टेन ही मोठी चहाडखोर चीज. सांध्यातून बाहेर आलेला सरस कुठे बोटभर जरी राहिला, तरी तिथे लाकूड रंग पीत नाही, आणि फिकट डाग चारचौघांत उघडा पडतो.

गेल्या महिन्यात असे तीन डाग निघाले. कारण फक्त मावशींना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करा आणि महिनाभर भुशापासून लांब राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. महिनाभर! तेवढ्यात भाचा घासायचं यंत्र आणणार. त्या यंत्राला कोणी मावशी म्हणणार नाही हे खरं, पण जागा जायची ती जाणारच. मावशींनी डॉक्टरांची चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली सारली आणि तोंडाला कुलूप घातलं.

"मावशी, तुला नीट दिसतंय ना?" भाच्याने सकाळी आल्या आल्या विचारलं.

"मला तुझं चौथीचं प्रगतिपुस्तक अजून दिसतं. वाचून दाखवू?"

रंगारी फिसकन हसला. भाचा हसला नाही. "संध्याकाळी गिऱ्हाईक ही आठ खोकी बघायला येतंय. एकावर जरी डाग निघाला, तर सोमवारपासून तू पॅकिंगच्या टेबलावर."

पॅकिंग म्हणजे दिवसभर चिकटपट्टी लावणं. मावशींच्या लेखी ते काम आणि माशा मारणं यांत फरक माशांपुरताच.

पेपर मारून झाल्यावर त्यांनी खोकी ओल्या फडक्याने पुसली. हे नेहमीचंच. पाणी लागलं की लाकडाची लव उभी राहते. वाळल्यावर ती जुन्या पेपरने हलकेच उतरवली, की स्टेनखाली पुन्हा उठत नाही. एरवी वाळेपर्यंत मावशी चहा घेत. आज चहा तसाच ठेवून त्या नुसत्याच खोक्यावरून हात फिरवत बसल्या. सगळीकडे तीन दिवसांच्या दाढीसारखं खरखरीत लागत होतं. आणि कोपऱ्याजवळ, बोटभर जागेत, एकदम तुळतुळीत.

हात तिथेच थांबला. इथे लव उठली नाही, म्हणजे इथे पाणी मुरलंच नाही. जे लाकूड पाणी पीत नाही, ते रंग काय कपाळ पिणार? सरस!

अख्खं आयुष्य गुळगुळीतपणा मिळवण्यात गेलं, आणि आज गुळगुळीत लागलं की चोर सापडत होता. मावशींनी खडू घेतला. आठ खोक्यांवर अकरा खुणा झाल्या. त्यातल्या चार भाच्याने स्वतः जोडलेल्या खोक्यावर.

"हा सरस आहे की पोळीवरचं तूप?" त्या ओरडल्या. "हात आखडता घ्यायला काय होतं रे तुला?"

सगळ्या खुणा पटाशीने खरवडल्या, पुन्हा घासल्या, पुन्हा पुसल्या. दुपारी स्टेन चढला. रंगाऱ्याने दिवा धरून आठही खोकी फिरवून फिरवून पाहिली. "एक डाग नाही, शेठ. शोधून दमलो."

जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, हे शहाणपण मावशींना कधीच जमलं नव्हतं. त्या दोन पावलं मागे सरल्या, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "अक्रोडी रंग कसा खुलून आलाय!"

रंगाऱ्याने हातातला दिवा खाली ठेवला.

"मावशी," रंगारी हळूच म्हणाला, "निळा आहे हो. गिऱ्हाइकाने कालच बदलून मागितला."

"गडद आहे," मावशी म्हणाल्या.

"गडद निळाच आहे," भाचा म्हणाला. "किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस?"

"मावशी."

"सहा महिने." मग डॉक्टर, महिनाभराची सुट्टी, यंत्राची धास्ती, सगळं एका दमात बाहेर पडलं.

भाचा खोक्यांकडे बघत राहिला. "म्हणजे ते अकरा डाग तू न बघता काढलेस?"

"बघून कोणाला सापडले होते? बघत तर तुम्ही दोघंही होतात."

आता भाच्यालाही हसू आवरेना. "सोमवारी ऑपरेशन. तुझी जागा कुठे जात नाही. यंत्राला हे सात जन्मांत जमायचं नाही. तू येईपर्यंत मी करतो. मला शिकव."

"तुला?" मावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळल्यासारखं केलं. "तुझे डोळे धड आहेत. जड जाईल."

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा डोळ्यांना फडकं बांधलेला एक गृहस्थ कोऱ्या खोक्यावरून मांजरीला गोंजारावं तसा हात फिरवत होता.

"मालक कुठे आहेत?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"हे काय," रंगारी म्हणाला. "माल तपासतायत."

"वर नाही, डावीकडे," मावशी म्हणाल्या. "आणि घाई करू नकोस. महिना आहे तुझ्याकडे."