ओढेवाले सर आणि विहिरीचा कठडा

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याबद्दल सगळ्यात जास्त ऋणी मी ओढेवाल्या सरांचा आहे. कसबा पेठेतला हा माणूस लग्नाला गेला तरी आधी कार्यालयामागची विहीर वाकून पाहायचा, मग नवरदेव.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सरांनी मला वाघोलीपुढचा एक ओढा दिला. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी मुरून विहिरींना मिळतं, की जमिनीतलं पाणी झिरपून ओढा वाहतो? "एवढंच शोधायचंय," सर म्हणाले. त्या 'एवढंच'मध्ये माझं वर्ष गेलं. विहिरींचं पाणी ओढ्याच्या पातळीखाली निघालं. म्हणजे ओढा देतो, विहिरी घेतात. मी छातीठोक लिहून टाकलं.

प्रबंध द्यायला चार दिवस होते. सरांनी पानं चाळली.

"अहो, आपण टेप कुठून सोडलीत?"

"विहिरीवरून, सर."

"विहिरीवरून म्हणजे? विमानातून?"

"कठड्यावरून."

"आणि जमिनीपासून कठड्याची उंची?"

ती वजा करायची राहिली होती. वर्ष बुडालं तर वडील पुन्हा पुण्याला पाठवणार नव्हते; तसं त्यांनी बजावलंच होतं.

"सर, सगळीकडे तीन-तीन फूट वजा करू?"

"सगळे कठडे तीनच फूट आहेत, असं विहिरींनी फोन करून कळवलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः स्कूटर घेऊन हजर. मी मागे, हातात टेप. आम्हाला पाहून पहिल्याच विहिरीवरच्या मावशींनी विचारलं, "काय ओ सर, पानी बरं हाय ना?"

"पाणी उत्तम आहे. या साहेबांनी कागदावर ते खाली नेलंय, वर आणायला आलोय."

दोन दिवसांत सगळे कठडे मोजून झाले. निकाल उलटला: विहिरींचं पाणी ओढ्याच्या वर होतं. उरलेल्या दोन दिवसांत मी प्रबंध नव्याने लिहिला. सरांनी सही करताना एवढंच म्हटलं, "आता हा ओढा खरा वाटतो."

निकाल लागल्यावर गावाहून मी सरांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सा. न.

पहिल्या वर्गात पास झालो. 'काय शोधलंस?' असं आईने विचारलं. म्हटलं, पावसानंतर ओढा जमिनीतल्या पाण्यावर वाहतो. ती म्हणाली, 'हे मला माहीत होतं. विचारायचं होतंस.' मी म्हटलं, माहीत असणं वेगळं, मोजणं वेगळं. ती ऐकेना. वडील तिच्या बाजूने. जेवणं थंड झाली.

सर, माझ्या अभ्यासावरून आमच्या घरात झालेलं हे पहिलं भांडण. फार बरं वाटलं.

आपला विद्यार्थी."