फार्मा, स्युटि, कल्स

त्या साहेबाचा मला आजही राग येतो, आणि तो विसरायची माझी मुळीच इच्छा नाही.

गिरणी संपानंतर वडील घरीच बसून होते. ताईचं टायपिंग झालं होतं. तिला मुलुंडच्या एका औषध कंपनीतून टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. फोन उचलला की आधी कंपनीचं नाव घ्यायचं, आणि त्या नावात ‘फार्मास्युटिकल्स’ होतं. आम्ही मराठी शाळेतल्या. ताईची जीभ ‘स्यु’पाशी हटकून अडायची.

वडील भजनात मृदंग वाजवायचे. तालात बसवलं की काहीही पाठ होतं, असं त्यांचं मत. आरत्या आम्हाला तशाच आल्या होत्या. त्यांनी शब्दाचे तुकडे पाडले, फार्-मा, स्यु-टि, कल्स, आणि पोळपाटावर थाप देत ताईकडून म्हणून घेतले. ‘कल्स’वर सम. घरात भाकऱ्यासुद्धा त्याच ठेक्यावर थापल्या जायला लागल्या. शेवटी ताईला तो शब्द न अडखळता यायला लागला. नोकरी लागलीच, असं आम्ही धरून चाललो.

मुलाखतीहून ती खुशीत आली. साहेब आपल्याच बाजूचे, मालवणी बोलणारे निघाले म्हणाली. ‘‘खंयची गो तू, चेडवा?’’ असं त्यांनी विचारलं आणि तिची भीती पळाली. मग त्यांनी तो शब्द म्हणायला लावला. सवयीने तिचा हात मांडीवर पडत होता, तर ठेका टेबलावर धर म्हणाले. शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. ताईने समेवर मानसुद्धा हलवली.

‘‘खूश होते गं सगळे,’’ ती मला म्हणाली.

नोकरी दुसरीला मिळाली. आमच्या चाळीतले एक काका तिथेच पॅकिंगला होते. त्यांनी येऊन वडिलांना सांगितलं, की साहेब चहाच्या वेळी टेबल बडवून ताईची नक्कल करतात. ताई मोरीत भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं.

नसेल घ्यायचं तर नका घेऊ. पण मालवणीत गोड बोलून पोरीचा तमाशा करायचा? परका असता तर दोन शिव्या हासडून मी सोडून दिलं असतं. हा कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ.

त्या वर्षी गणपतीत भजनाला माणसं जमली, तेव्हा ताईनेच मृदंग आणून वडिलांच्या पुढ्यात ठेवला. हात दुखतो म्हणाले, आणि त्यांनी तो शेजाऱ्याकडे सरकवला.