मीच मला न पाठवलेला मेल

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. तेव्हा हे वाचून मला कुणी अंगारा-धुपारा सुचवू नये.

१९९९ साल. मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. पिशवीत कायम माझा झिप ड्राइव्ह — जाड पुस्तकाएवढी पेटी, तिच्या डिस्कवर मी स्वतः बसवलेलं लिनक्स, म्हणजे विंडोजशिवाय मशीन चालवणारी सिस्टिम. कुणाचं मशीन बंद पडलं की फ्लॉपी घालायची, पेटी मागं प्रिंटरच्या जागी जोडायची, की माझी सिस्टिम तिथं सुरू. काटेवाडी, भवानीनगर... कुठं कुठं फिरवली ती. पासवर्ड फक्त मला ठाऊक. नेटवर्कला डिस्क कधीच जोडली नव्हती.

इंदापूरच्या एका डॉक्टरबाईंचा निरोप आला. विंडोज उघडेना आणि लस द्यायच्या बाळांची यादी आत अडकलेली. सकाळच्या एसटीनं गेले. दवाखान्याच्या दारात चपला काढल्या. फरशी नुकतीच पुसली होती. भिंतीवरचा स्विच बंद असतानाच पेटी जोडली, मग बटणं दाबली, लॉगिन केलं... आणि स्क्रीनवर ओळ आली — नवीन मेल आहे.

पाठवणारी मी. घेणारीही मीच. वेळ त्याच सकाळची, मी एसटीत होते आणि पेटी पिशवीत बंद होती तेव्हाची. रोमन अक्षरांत चारच शब्द — ‘मागं हात लावू नको.’

मला रागच आला. क्लासमधल्या कुणाची तरी खोडी, दुसरं काय! यादी सापडली. बाई म्हणाल्या, लगेच प्रिंट काढा. प्रिंटरची वायर जोडायला हात मागं नेला आणि थांबले. कंपाउंडर तात्यांकडून टेस्टर मागितला, कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. पेटला. पत्र्यात करंट, आणि मी ओल्या फरशीवर अनवाणी.

मी मेल वाचून दाखवला तसे तात्या हळूच म्हणाले, “पोरी, ती पेटी कालव्यात टाकून दे. ह्ये काय बरं न्हाय.”

“नाही टाकणार, तात्या. तिनं माझं वाईट काय केलं?”

वायरमननं दुरुस्ती केली. दुपारी यादी छापून दिली.

क्लासचे सर म्हणाले, मशीनचं घड्याळ चुकलं असेल. असेल. मग शब्द? तूच लिहून विसरलीस, म्हणाले. त्या दवाखान्यात मी आधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

त्या मेलला मी उत्तर पाठवलं — ‘कोण?’ ते फिरून माझ्याकडंच आलं. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन कामावर गेले, पुढंही जात राहिले. स्पष्टीकरण माझ्याकडं नाही... पण म्हणून झालेलं नाकारणार नाही.