अक्कांनी न वाचलेलं नाव

अक्का खुर्चीवर टेकत नसत. कंपनीने त्यांना चांगली फिरती खुर्ची दिली होती; तिच्यावर बहुतेक वेळ त्यांची पर्स बसलेली असे. स्वतः त्या उभ्यानेच कीबोर्ड बडवायच्या, मध्येच सर्व्हरच्या खोलीत जाऊन दिवे बघून यायच्या आणि कुठल्यातरी डेपोला फोन लावायच्या. "काय पावणं, वेबसाइटचं पान उघडतंय न्हवं?" पलीकडचा म्हणे, उघडतंय. तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. "आत्ता उघडून बघा. मी फोन धरून हाय."

सगळं सुरळीत असताना ही धावाधाव कशाला, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "गप्प हाय म्हंजे बरं हाय, असं नसतंय देसाई. तान्हं पोर लई वेळ गप्प बसलं की आई उठून बघती."

सुनंदा मगदूम हे त्यांचं नाव. गडहिंग्लजच्या. घरी कन्नड, बाहेर खणखणीत कोल्हापुरी, आणि यंत्रावर चिडल्या की पुन्हा कन्नड. मी पुण्यातली नोकरी सोडून घरी परतलो, तेव्हा मुख्य कचेरीत त्यांच्या शेजारचं टेबल मला मिळालं. आमची कंपनी खतं, बियाणं आणि फवारणीची औषधं विकायची. गारगोटी, मुरगूड, गडहिंग्लज असे डेपो होते. दोन हजार सालानंतर घरोघरी संगणकाचं वारं शिरलं, तसं आमच्याकडे इंट्रानेट आलं. म्हणजे कंपनीच्या माणसांपुरतीच वेबसाइट. परिपत्रकं, रजेचे अर्ज, साठ्याची माहिती सगळं तिथे. ती सांभाळायचं काम अक्कांचं.

एका सकाळी ती सगळीकडे बंद पडली. कुणी फोनच्या लाइनला दोष दिला, कुणी व्हायरसला. अक्कांनी आधी सर्व्हरची डिस्क बघितली. ती गच्च भरली होती. मुरगूडच्या व्यवस्थापकांनी मुलीच्या लग्नाचं अख्खं चित्रीकरण सगळ्यांनी बघावं म्हणून सामायिक फोल्डरमध्ये टाकलं होतं. अक्कांनी फोन लावला. "अभिनंदन पावणं! जावई देखणा हाय. पर तुमच्या वरातीनं माझा सर्व्हर आडवा झालाय की!" त्यांनी ते सगळं सीड्यांवर उतरवून मुरगूडला पाठवलं आणि मगच डिस्कवरून काढलं. लेकीच्या लग्नाचं असं उडवून टाकायचं नाही, म्हणाल्या.

त्याच वेबसाइटवर त्यांनी एक निनावी फलक सुरू केला. डेपोतली माणसं साहेबांसमोर बोलत नाहीत, निदान लिहितील, ही त्यांचीच कल्पना. डेपोडेपोत फोन करून त्यांनी सांगितलं, "नाव कुणाला कळणार न्हाय. माझा शब्द हाय." पडद्यावर नाव दिसत नसे हे खरं, पण कोण कधी आत आलं आणि काय लिहून गेलं, याची नोंद सर्व्हर ठेवतच असे. ती उघडायचा अधिकार फक्त अक्कांना होता.

वर्षभर फलकावर चहाच्या नि पंख्याच्या तक्रारी आल्या. मग एक दिवस कुणीतरी लिहिलं : 'गारगोटीच्या औषध गोदामात वारा खेळत नाही. हमालांना चक्कर येते, उलट्या होतात. डेपोत सांगून झालं. कोणी ऐकत नाही.'

संचालक साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "मॅडम, हे कुणी लिहिलंय ते बघा."

"बघता येतंय साहेब," अक्का म्हणाल्या, "पर मी बघणार न्हाय."

"कंपनीचा सर्व्हर आहे, मॅडम."

"व्हय. पर शब्द माझा हाय."

साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. त्या दिवशी अक्का किती वेळा जिने चढल्या-उतरल्या, देव जाणे. मध्येच माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "नोंद पुसली तर ती चोरी. दावली तर दगा. करू काय?" माझंही कामात लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी नव्हत्या. रजा टाकून एसटीने थेट गारगोटीला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला, डोळे लाल. हमालांसोबत गोदामात सकाळ काढली होती. पाणीसुद्धा न पिता त्यांनी त्या निनावी मजकुराखाली लिहिलं : 'मी स्वतः जाऊन आले. लिहिलेलं खरं आहे. माझंही डोकं गरगरलं. – सुनंदा मगदूम.'

"आता नाव हाय की," त्या म्हणाल्या. "धरा म्हणावं मला."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याखाली गडहिंग्लजच्या दोघांनी नावानिशी लिहिलं, आमच्याकडेही असंच आहे. मग मुरगूडच्या व्यवस्थापकांनी सहीसकट. साहेबांनी पुन्हा कुणाचं नाव विचारलं नाही. त्या महिन्यात गोदामांना हवा बाहेर फेकणारे पंखे बसले. आणि अक्कांचे अधिकार काढून माझ्याकडे देण्यात आले.

पासवर्ड हवाली करण्याआधी त्यांनी फलकावर शेवटची सूचना टाकली : 'इथे लिहिणाऱ्याचं नाव सर्व्हरवर राहतं. आजपासून तो सर्व्हर माझ्या ताब्यात नाही. विचार करून लिहा.' मग माझ्याकडे वळल्या. "तुमास्नी सगळं दिसंल, देसाई. दिसतंय म्हणून बघायचं नसतंय." मी मान हलवली. पण पुढे कित्येक दिवस त्या नोंदींच्या फोल्डरपाशी आलो की मी तो न उघडताच बाहेर पडायचो.

पुढच्या महिन्यात त्यांनी बेळगावला एका कॉलेजात नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी डेपोडेपोतून माणसं आली होती. सगळे पांगल्यावर गारगोटीचा एक कारकून दाराशी घोटाळत राहिला. हातात पेढ्यांचा पुडा. आत आला, पुडा टेबलावर ठेवला, इकडे तिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, त्या गोदामाचं जे लिवलंतं, ते..."

अक्कांनी पटकन हात वर केला.

"च्या घेतलासा का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, पर मला सांगायचं..."

"मग चला. आधी च्या घेऊ." त्यांनी पुडा फोडला, एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि त्याला बोलू न देता, गारगोटीला पाऊसपाणी कसं आहे ते विचारत कँटीनकडे घेऊन गेल्या.