वालूरच्या आहेराची गोधडी

चिंध्यांचं गाठोडं कुणी मुद्दाम बाजारातून आणत नाही. एक बाही फाटते, एक पदर विरतो, कुणाचा तरी सदरा अंगात शिरेनासा होतो, आणि चार वर्षांनी बघावं तर कोपऱ्यात माणसाएवढं गाठोडं बसलेलं असतं. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या पिंगळीच्या गोधडीवाल्या बायांचे किस्से मी काही जमवायला गेले नव्हते. पण सून कधीतरी विचारते, ‘तुम्हाला गोधडी शिकवली कुणी?’ आणि मी तोंड उघडते. मग तिचा चहा गार होतो.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी वालूरची, लग्न होऊन पिंगळीला आलेली. उन्हाळ्यात शेतं मोकळी असायची, तेव्हा दुपारची भाकरी झाली की कोंडामावशीच्या ओसरीवर गोधडी पसरायची. कोंडामावशी आमची मुकादम. शेजारची शेवंता तोंडानं भराभर, हातानं हळूहळू. तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या टाका घालायच्या नाहीत, फक्त चुका काढायच्या. आणि चौथी मी. माझी ओळ घरातून निघायची आणि गोठ्याकडे जायची.

कोंडामावशीचा नियम असा की दोन ओळींच्या मधे ज्वारीचा एक दाणा बसला पाहिजे. माझ्या दोन ओळींत एका ठिकाणी दाणा बसत नव्हता आणि दुसऱ्या ठिकाणी अख्खं कणीस झोपलं असतं.

* * *

कोंडामावशीची स्वतःची एक गोधडी होती, ती आधी सांगते.

निजामाची फौज हरली तेव्हा गावातल्या चौकीतले शिपाई कपडेसुद्धा टाकून पळाले होते. त्यातली एक खाकी विजार मावशीच्या हाती लागली. कापड जाड, मजबूत. मावशीनं ती कापली आणि गोधडीच्या मधोमध लावली. पण खिसा काही उसवला नाही. त्या खिशात ती तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवायची. रात्री कूस बदलली की हात आपोआप खिशात.

गावात नवे पाटील-पटवारी काय करणार, जमिनीचं काय होणार, यावर पुरुषांची रोज चर्चा चालायची. एकदा कुणीतरी मावशीला विचारलं, ‘मावशी, सरकार बदललं, तुमाला काय फरक पडला?’

मावशीनं गोधडीतून तंबाखू काढली. ‘मला खिसा आला,’ म्हणाली.

* * *

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि खरा घोळ सुरू झाला.

आत्याबाईंचा वालूरवर राग होता. माझ्या लग्नात त्या वरमाई, आणि त्यांना बसायला नुसती सतरंजी मिळाली. घडी घातलेली गोधडी कुणीतरी दुसऱ्याच बाईखाली सरकवली होती. झालं. तेव्हापासून वालूरचं नाव निघालं की आत्याबाई भांडी जोरात ठेवायच्या.

लग्नाची चिठ्ठी आली. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, ‘तुज्या माहेरी विहिणीला बसायला गोधडी न्हाई. म्हून आपुन देऊ. तुज्या हातची. झाली तर तू घेऊन जा. न्हाई झाली, न्हाई पटली, तर इथंच बस.’

‘आन तुमी, आत्याबाई?’

‘मला काय काम हाय वालूरात?’

मला तर जायचंच होतं. दीड वर्षात आईचं तोंड पाहिलं नव्हतं. भावाला हळद लागताना मी काही पिंगळीत धुणं धूत बसणार नव्हते. म्हणून दुसऱ्याच दिवशी सुईत दोरा ओवला. लग्नाला वीस दिवस होते.

* * *

पहिल्या दिवशी आत्याबाई पाहणी करायला गोधडीच्या कडेलाच येऊन बसल्या. मी खाली मान घालून शिवत होते. आज ओळ सरळ आणायचीच, असा पण केला होता. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. आत्याबाई चुका काढायच्या थांबल्या, त्यामुळे मला आणखी हुरूप आला.

तेवढ्यात गल्लीत कासार आला. आत्याबाई बांगड्या बघायला म्हणून ताडकन उठल्या, आणि त्यांच्याबरोबर गोधडीही उठली. वीतभर पदर मी गोधडीत शिवून टाकला होता. पक्का, दुहेरी दोऱ्यानं.

मी गारच पडले. वाटलं, गेलं वालूर. शेवंतानं तोंडात पदर कोंबला. मी उसवायला सुई घेतली, तर कोंडामावशीनं माझा हात धरला. खाली वाकून ओळ नीट पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं.

‘एवढीच सरळ आलीया,’ ती म्हणाली. ‘ही उसवायची न्हाई.’

आणि तिनं कात्रीनं आत्याबाईंचा पदर कापला.

* * *

गोधडीच्या पोटात मऊ कापड लागतं. शेवंतानं आपल्या घरून एक धुतलेलं, पांढरंशुभ्र, बिनफाटकं कापड आणलं. आम्ही ते आत पसरलं, वर लुगड्याचा थर दिला आणि चार दिवस शिवत राहिलो.

पाचव्या दिवशी तिचे मालक गोविंदराव घामाघूम होऊन ओसरीवर आले. परभणीच्या कचेरीत त्यांची तारीख होती आणि ठेवणीतलं धोतर सापडत नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर गोधडीच्या कडेला गेली. तिथून लाल काठाचा बोटभर तुकडा डोकावत होता.

‘ते माजं धोतर हाय,’ ते म्हणाले.

‘होतं,’ कोंडामावशी म्हणाली.

गोविंदराव कचेरीत मेहुण्याचा पायजमा घालून गेले. पण नंतर ते जेव्हा जेव्हा ओसरीवर यायचे, तेव्हा गोधडीच्या त्याच कोपऱ्यावर बसायचे. कुणी सरका म्हटलं तर म्हणायचे, ‘मी माज्या धोतरावर बसलोय.’

* * *

बाहेरच्या दोन्ही थरांना रंगीत कापड कमी पडलं. तेव्हा पहिलं इलेक्शन नुकतंच होऊन गेलं होतं. एका उमेदवाराची निशाणी शिडी, दुसऱ्याची घडा. दोघांनीही कापडी झेंडे वाटले होते आणि आम्ही दोघांचेही घेतले होते. मत कुणालाही दिलं असेल, कापड वाया घालवायचं नाही. एका अंगाला शिड्या लावल्या, दुसऱ्या अंगाला घडे. दिसायला झकास दिसत होतं.

घडेवाला पडला होता. त्याचा एक माणूस गावोगाव फिरून ‘का पडलो’ ते विचारत होता. तो भर दुपारी मावशीकडे पाणी प्यायला आला. पाहुण्याला जमिनीवर कसं बसवायचं, म्हणून मावशीनं अर्धवट गोधडीच पुढे केली. त्यानं खाली पाहिलं. चार शिड्या.

‘मावशी, मी ह्याच्यावर बसणार न्हाई.’

मावशीनं गोधडी उलटी केली. घडे वर आले. तो खूश होऊन बसला, पाणी प्याला, गूळ खाल्ला, आणि म्हणाला, ‘गावात आमची मानसं हायत म्हनायची.’

‘हायत ना,’ मावशी म्हणाली. ‘शिडीवाला आला की पलटतो.’

* * *

आता माझ्या कलाकुसरीबद्दल. मला वाटलं, आहेराची गोधडी आहे, मधे काहीतरी नक्षी पाहिजे. लग्नातल्या माझ्या चोळीचा हिरवा खण होता. त्यातून मी मोर कापला. पिसारा, तुरा, सगळं. दोन दिवस त्याच्यापायी खपले होते. खरं सांगते, तो मोर बसल्यावर मला असा आनंद झाला की मी भाकरी करपवली तरी मला कळलं नाही. आपल्या हातून काहीतरी झालं, ह्याचं सुख वेगळंच असतं.

शेवंता म्हणाली, ‘कोंबडी लय छान जमलीया.’

गोविंदराव म्हणाले, ‘कोंबडी कशाची, ती तर पेरायची तिफन हाय. हे बघा दांडे.’

आत्याबाईंनी लांबून पाहिलं. ‘म्हैस काढली ते बरं केलं. दुभत्याचं घर दिसतं.’

मी रडकुंडीला आले. कोंडामावशीकडे पाहिलं. ती बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘हे बघ शांते, वालूरला गेल्यावर काय हाय ते आदी सांगायचं. मग गोधडी उलगडायची.’

* * *

गोधडी संपवताना आमच्याकडे तिला घास भरवतात. शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात भाकरीचा गूळ लावलेला छोटा तुकडा ठेवायचा. उपाशी गोधडी झोप खाते म्हणे. हा घास भरवायचा मान एकीचाच, आणि तो आमच्यात कोंडामावशीचा.

लग्नाला चार दिवस राहिले होते. मावशीनं घास भरवला, टाका मारला, गाठ दिली. गोधडी झाली! मी तिची घडी करून उशाशी ठेवली. सकाळी उठून बघते तर लाल मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून थेट गोधडीत. आणि रांग एका कोपऱ्यात जात नव्हती. चारी कोपऱ्यांत जात होती.

मावशीनं कोपरे उसवले. पहिल्यात तिचा स्वतःचा घास. दुसऱ्यात भाकरी आणि लोणी. ती शेवंतानं ठेवली होती. तिला वाटलं, एवढी मोठी गोधडी एका घासावर कशी राहील. तिसऱ्यात गुळाचा खडा. तो माझा, हे मी कबूल केलं. माझ्या भावासाठी गोधडी, मग मी एक घास भरवू नये का?

चौथ्या कोपऱ्याचे टाके बारीक होते, सरळ होते आणि आमच्यापैकी कुणाचेच नव्हते. आत पुरणपोळीचा तुपात भिजलेला तुकडा निघाला. त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत पुरण फक्त आमच्या घरी शिजलं होतं.

सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं.

‘मुंग्यांनीच आणला असंल,’ त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

* * *

निघायचा दिवस उजाडला. आमचे हे मांडवाच्या कामाला आधीच वालूरला गेले होते. मला दुपारच्या आगगाडीनं परभणी, तिथून सेलू आणि पुढे बैलगाडीनं वालूर असं जायचं होतं. गोविंदरावांनी स्टेशनपर्यंत सोडायला गाडी जुंपली होती. माझी पेटी गाडीत, जीव टांगणीला, कारण आत्याबाईंनी गोधडी पटली असं अजून म्हटलंच नव्हतं.

त्यांनी गोधडी ओसरीवर पसरायला लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या ओळी पाहिल्या. मग म्हणाल्या, ‘ओळी बघून गोधडी कळत न्हाई. झोप लागली तर खरी.’ आणि आडव्या झाल्या.

आम्ही उभ्या. एक-दोन क्षणांत आत्याबाई घोरायला लागल्या.

मला आनंदानं रडू आलं. गोधडी पास झाली. मी जाऊ शकत होते! पण मग ध्यानात आलं की जी गोधडी न्यायची, तिच्यावरच त्या झोपल्यात. शेवंतानं हाक मारली. घोरणं चालूच. मी पाय हलवून पाहिला. चालूच. बाहेर गोविंदराव ओरडले, ‘गाडी चुकंल.’

कोंडामावशीनं कंबर कसली. ‘चार कोपरे हायत, चार मानसं हाव. धरा.’

एक कोपरा मावशीनं धरला, एक शेवंतानं, एक मी, आणि धोतराचा कोपरा गोविंदरावांनी. आम्ही आत्याबाईंना गोधडीसकट उचललं. उचलताना शेवंता कुजबुजली, ‘मावशी, ह्यांच्या नाकात नथ हाय. आन लुगडं ठेवणीतलं हाय. दुपारी झोपायला कुणी नथ घालतं व्हय?’

‘गप उचल,’ मावशी म्हणाली.

आत्याबाईंना गाडीत ठेवलं. वाटेत खड्डे आले, कुत्री मागे लागली, चाक एकदा दगडावरून गेलं तेव्हा मीच ओरडले. आत्याबाई घोरत होत्या. मावशी बाजूला बसून त्यांच्यावर पदराची सावली धरत होती आणि समोर रस्त्याकडे बघत होती.

स्टेशनात बैलगाडी थेट तिकिटाच्या खिडकीपाशी लागली. लांबून शिट्टी ऐकू आली. तिकीटबाबूनं खिडकीतून मान बाहेर काढून गोधडीकडे पाहिलं. ‘बाई बीमार हायत का?’

‘न्हाई,’ कोंडामावशी म्हणाली. ‘झोपल्यात.’

‘मग तिकिटं किती?’

मी तोंड उघडलं, ‘ए...’

‘दोन,’ गोधडीतून आवाज आला, आणि लगेच पुन्हा घोरणं सुरू झालं.