आधी समोरच्याचं म्हणणं सांग: वाशीम जिल्ह्यातल्या एका बंद वर्गाबद्दल

मकतब, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण देणारी मशिदीची शाळा, बघायला निघालेय म्हटल्यावर ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तिथे घोकंपट्टीशिवाय काय बघणार?" हा गृहस्थ आयुष्यात कधी मकतबच्या दारात उभा राहिलेला नाही. डोक्यात तिडीक गेली आणि मी पुण्याहून अकोल्याचं तिकीट काढलं. माझी कॉलेजची मैत्रीण रेहाना वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात, शाळा सुटल्यावर मुलींना धर्मशिक्षण देते. कधीपासून बोलावत होती.

तिकडे जाणाऱ्यांसाठी सांगते. अकोल्याहून वाशीमला एसटी बरी, बायकांना अर्धं तिकीट. वाशीम स्टँडबाहेर गरम आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे मला काही धड मिळालं नाही. आसेगावपर्यंतच्या रस्त्याने माझी कंबर कामातून गेली. सोयाबीन निघालेलं, दोन्हीकडे तूर उभी. तेवढंच डोळ्यांना सुख. आसेगावला रेहाना स्कूटीवर घ्यायला आली. तिच्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत.

तिच्या घरी भाकरी-भरीत खाऊन आम्ही मशिदीशेजारच्या खोलीत गेलो. पाठ झाला की मुली जोडीने समोरासमोर बसतात आणि वाद घालतात. मदरशांमधली ही जुनी रीत. खोडून काढण्याआधी समोरचीचं म्हणणं तिला पटेल असं मांडायचं, ती "हाव, हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि तिने हाव म्हटलं की पुढच्या प्रश्नाला उत्तर देणं तिला भाग. आमच्या ऑफिसच्या मीटिंगांमध्ये हा नियम लावला तर निम्मे लोक मुके होतील.

त्या दिवशीचा विषय होता, कुणाची चूक दिसली तर चारचौघांत सांगावी की एकट्याला गाठून? पाहुणीसाठी मुली मराठीत बोलत होत्या. आठवीतली सना म्हणाली, "आधी एकांतात सांगाव. आयकलं नाई, अन् त्याच्यानं दुसऱ्यायचं नुकसान होऊन राह्यलं असन, तवा सगळ्यायसमोर."

तेवढ्यात मशिदीच्या कमिटीचे हाजीसाहेब आत आले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"रेहाना, हे बंद कर. पोट्ट्या घरी मोठ्यायले सवाल करून राह्यल्या. कायले पाह्यजे हे? उद्यापासून खोलीले कुलूप."

रेहाना मान खाली घालून उभी. मी दात-ओठ खात होते. सना उठली, आवाज अगदी साधा.

"हाजीसाब, तुमचं म्हणनं असं हाये का, का सवाल शिकल्यानं पोरीयची अदब जाते, म्हणून वर्ग नको?"

"हाव, हेच." सवयीनेच निघून गेलं असावं. तेही लहानपणी याच रीतीने शिकलेले.

"मंग रेहानाआपाची चूक तुमी आमच्यासमोर काहून सांगतली? बाजूले बोलावून काहून नाई?"

हाजीसाहेब चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं.

मला भयंकर संताप आला, अजून आहे. प्रश्न कसा विचारावा हे ज्या परंपरेने इतक्या शिस्तीने शिकवलं, तिच्याच नावाने एका मुलीचा प्रश्न कोंडायचा? आणि हेच कुलूप ऑफिसातला तो शहाणा पुरावा म्हणून माझ्या तोंडावर फेकणार, याचा राग वेगळाच.

निघताना रेहाना म्हणाली, "लिहू नको बाई. आधी मले बोलून पाहू दे."

ती हाजीसाहेबांच्या घरी गेली, तर झोपलेत असा निरोप आला. पुण्यात परतल्यावर मी त्यांना फोन केला. नाव ऐकताच कट. वर्ग अजून बंद आहे. सनाचे वडील तर म्हणतात, पोरीने तोंड उघडलं म्हणून सगळ्यांचा वर्ग गेला. ती आता संध्याकाळी घरीच असते, कुणाशी फार बोलत नाही.

एकांतात सांगून झालं. म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर. हाजीसाहेब, चिडलेली असूनही तुमचं म्हणणं नीट मांडते. मुली उलट बोलायला लागल्या तर गाव मकतबला नावं ठेवेल, आईबाप लेकींना पाठवणंच थांबवतील, आणि तुम्हाला मकतब वाचवायचाय. बरोबर मांडलं ना?

हाव म्हणा. मग सनाच्या घरी जा आणि तिला उत्तर द्या.